गोव्याच्या थंडीत गाडी उठेना? तुमचे अनुभव लिहा

डिचोलीकर
ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या. पारा विशीच्या आसपास उतरला की आम्ही कपाटातली स्वेटरं बाहेर काढतो, हे मान्य. पण गेल्या डिसेंबरात लागोपाठ तीन सकाळी माझी गाडी रुसली. चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल. थंडीला शिव्या घालत मी रोज शेजाऱ्यांकडून धक्का घेत होतो. चौथ्या दिवशी मेस्त्रीने मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीत ११.९ व्होल्ट, धडधाकट बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना तोच आकडा ८ वर बसला. मेस्त्री म्हणाला, "थंडी कांय करना बाब, मे म्हयन्यान मारली तिका."

बरोबर होतं त्याचं. उन्हाळ्याच्या तापात आतल्या प्लेटी झिजतात. मग गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि झिजलेली बॅटरी त्या दिवशी उघडी पडते. साडेतीन वर्षं झाली होती तिला. तेव्हा मंडळी, लिहा. फक्त 'बंद पडली' एवढ्यावर थांबू नका. चावी फिरवल्यावर आवाज कसा आला ते आधी सांगा.

पेडण्याचा पावणो
आमची गोष्ट कालोच्या रात्रीची. देवळापुढे दशावतार रंगलेला, गाड्या सगळ्या कापलेल्या भातशेतात. पहाटे दहीकाला झाला, प्रसाद घेऊन आलो तर काचांवर दव एवढं की बोटाने नाव लिहावं. चावी फिरवली, आवाजच नाही. टकसुद्धा नाही. धाकट्या पुतण्याने मागचं दार उघडून वर बोट दाखवलं: छताचा दिवा रात्रभर जळत होता, आता विझायच्या बेतात. बॅटरी मुळातच म्हातारी, त्यात हे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली उठवायची जंपर केबल एका टेंपोवाल्याकडे होती. माझा मेहुणा उत्साहाने काळा चिमटा थेट आमच्या बॅटरीला लावायला निघाला, टेंपोवाल्याने त्याचा हातच धरला. लाल आधी आमच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला. काळा त्याच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून. पाच मिनिटं टेंपो चालू ठेवला, मग आमची उठली. हरदासाची कथा मूळपदावर यावी तसा मेहुणा घरी पोचेपर्यंत तेच सांगत होता की त्याचीही पद्धत चालली असती.

वास्कोवाली
आमच्याकडे थंडी नाही, खारा वारा. लक्षण मात्र फसवं: दिवे झकास, हॉर्न कडक, सेल्फ मारला की एकच 'टक' आणि दिवे गुल. नवी बॅटरी घ्यायला निघाले होते. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासलं, फडक्याने कोरडं केलं, घट्ट आवळून वर व्हॅसलीन. (आधी मायनस काढायचा, लावताना तो शेवटी.) खर्च शून्य. बॅटरी विकणारा मात्र अर्थातच टर्मिनल बघायला वाकलासुद्धा नव्हता.

वाळपईकर
डिझेलवाल्यांनो, डॅशबोर्डवरच्या कॉइलच्या दिव्याकडे (हीटर प्लग तापत असताना पेटतो तो) बघता का? मी नव्हतो बघत. जानेवारीत चोर्ल्याला मुक्काम होता. पहाटे सेल्फ झक्क फिरतोय, घर्र घर्र घर्र, पण इंजिन पकडत नाही. मागून पांढरा धूर. म्हणजे डिझेल आत जातंय, पेटत नाहीये. सेल्फ मारण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या चार हीटर प्लगांतले दोन मेलेले निघाले. खाली वाळपईत ते कधी मेले ते कळलंही नसतं, वरच्या गारठ्याने चुगली केली. तोवरचा उपाय: चावी ऑन करायची, कॉइलचा दिवा विझू द्यायचा, ऑफ करायची, पुन्हा ऑन. असं तीनदा, मग सेल्फ. तिसऱ्या खेपेला खोकत खोकत उठली.

डिचोलीकर
@वाळपईकर, हा फरक फार कामाचा. सेल्फ जोरात फिरतोय म्हटल्यावर बॅटरीच्या मागे लागायचंच नाही.

फोंड्याची काकू
आमचं वेगळंच. बटणाची गाडी, चावीच ओळखेना. मुलगा बॅटरी बदलायला निघाला होता. शेवटी रिमोटच बटणाला टेकवला, ब्रेक दाबला, चालू! रिमोटमधला छोटा सेल संपला होता.

म्हापशाचा जुना गाडीवाला
तुम्हा लोकांचं डिसेंबराचं कौतुक चाललंय. माझ्या कार्बोरेटरवाल्या ८०० ला खरा त्रास जुलैत. दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीला आतून घाम येतो, ठिणगी भलतीकडेच पळते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसा, उठते. थंडीत तिला फक्त चोक ओढायचा, आणि ॲक्सिलेटर पंप करत बसायचं नाही, नाहीतर प्लग भिजतात.

पेडण्याचा पावणो
आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी धक्क्याच्या नादी लागू नये. मेहुण्याने तेही करून पाहिलंय. आम्ही तिघे ढकलतोय, तो आत बसून "जोर लावा" म्हणतोय.