अनुभव धागा: घरी पाहुणे, ताटात चीज आणि पोटाला हलकं काहीतरी

वरचापाट
माळा आवरताना अमूल चीजचा जुना पत्र्याचा गोल डबा सापडला. आईने त्यात कायम मेतकूट ठेवलं, अजून वास आहे. आणि एकदम गणपतीतले दिवस आठवले.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मुंबईचे काका रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून सकाळी गुहागरला उतरायचे आणि पिशवीतून हा डबा निघायचा. घरात फ्रीज नाही, त्यामुळे डबा फोडला की त्याच दिवशी संपवायचा. आळीतली सगळी पोरं न बोलावता हजर. आजोबा कोयत्याच्या टोकाने कडेकडेने पत्रा कापायचे, डबा ताटलीत उपडा करून बुडावर थापट्या मारायचे, की पिवळा गोळा अख्खा सुटून यायचा, अंगावर डब्याच्या शिवणीची रेघ उमटलेली. मग आजी हार ओवायच्या सुती दोऱ्याने त्याच्या चकत्या पाडायची. सुरीला चीज चिकटतं, दोऱ्याला नाही. गरम घावनात एक चकती, चिमूटभर लसणीचं तिखट, आणि घडी घालून हातात.

आता भाची पुण्याहून मैत्रिणी घेऊन येते, बर्फाच्या पेटीत ब्री, गौडा, फेटा असली काय काय परदेशी चीजं. "मावशी, प्लॅटर करूया ना." द्राक्षं आणि क्रॅकर आणायला चिपळूणला जायला मी साफ नकार दिला. कपाटातून आंबापोळी, फणसपोळी, भाजलेले काजू, करवंदाचं लोणचं, साखरांबा काढला आणि पोह्याचे पापड भाजले. माझं ठाम मत आहे की चीजला लागतं ते सगळं आपल्या बरण्यांत आधीपासून आहे. आंबट, गोड, तिखट, कुरकुरीत. गौडावर आंबापोळीचा तुकडा ठेवून खाऊन बघा, मग वाद घाला.

पण रात्री पुन्हा तेच जड नको म्हणून सगळ्यांना मऊ भात वाढला. तर तुमच्याकडे कसं असतं? घरी चार माणसं आली की चीज कसं खपतं, आणि नंतर पोटाला आराम म्हणून काय करता? सासू-सासरे, बीपीवाले, उपासवाले सगळे धरून लिहा.

मिरगुंड
दोऱ्याचं वाचून हसले. आमच्याकडे तो डबा रिकामा झाला की भांडण, कोणाला मिळणार म्हणून. शेवटी देवघरात वाती ठेवायला गेला.

रत्नागिरीच्या हवेत चीज कधी बाहेर काढायचं हा मोठा प्रश्न असतो. परदेशी पाककृतीत लिहितात तासभर आधी काढा, म्हणजे चव उघडते. मे महिन्यात आपल्याकडे तासाभरात ब्री ताटलीतून चालायला लागतं. पंधरा-वीस मिनिटं बास. आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर वर पाणी जमतं. आधी आहे तसं ठेवायचं, मग उघडायचं. उरलेलं बटरपेपरात गुंडाळून डब्यात.

ब्रीवरची पांढरी साल खायची असते हे सासूबाईंना पटवता पटवता माझी दमछाक झाली. "बुरशी आहे ती" म्हणाल्या. आहेच बुरशी. मी म्हटलं, खा किंवा काढा, पण पाहुण्यांसमोर सोलत बसू नका.

पुणेकर_जावई
वाचतोय. सासुरवाडी देवगड. भूक लागली.

मालवणी_मसालो
चीज-बीज ठीक आसा, पण माशाबरोबर नको हां. आमची आवस अजून सांगता, दूध नि मासो एका ताटात इलो तर आंगार कोड येता. आता पोरां सुरमयेवर चीज घालतत आणि वर फोटो काढतत!

मिरगुंड
@मालवणी_मसालो कोडाचा आणि दूध-माशाचा काही संबंध नाही असंच डॉक्टर सांगतात. पण इटलीतसुद्धा माशाच्या पास्त्यावर चीज किसत नाहीत म्हणे, तेव्हा तुमच्या आवशीचा शब्द मोडू नका. चवीच्या हिशोबाने त्या बरोबरच आहेत. सुरमईला तिरफळ आणि कोकम पुरे.

हर्णै_धक्का
मासेमारी बंदीत काय करायचं ते सांगा आधी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, घरात मुंबईचे पाहुणे, "ताजं काहीतरी कर की." ताजं कुठून करू, समुद्रातून चीज निघत नाही. मग बायको जवळ्याची चटणी करते आणि पोरांना घावनात चीज. घावनाच्या जाळीत किसलेलं चीज शिरतं आणि कडा खरपूस होतात. तेल एक थेंब. हेच आमचं हलकं.

वरचापाट
@हर्णै_धक्का वहिनींना सांगा, पिठात थोडा काकडीचा कीस घालून बघा. पावसाळी तवसं असेल तर उत्तमच.

चिकूवाडी
घोलवडहून. आमच्या भागात इराणी-पारशी वाड्या जुन्या. शेजारच्या पारशी बाई टोपली पनीर करायच्या, बारीक बारीक टोपल्यांत लावलेलं, खारट निवळीत तरंगणारं, जिभेने दाबलं तरी मोडेल इतकं मऊ. त्यांच्या घरी नवजोत (पोरांचा धर्मदीक्षेचा विधी) असली की आम्हाला वाटीभर यायचं. आई शाकाहारी. ते दही-पनीरासारखंच समजून आनंदाने खायची. ते विरजतात कशाने हे तिला फार उशिरा कळलं. जुन्या पद्धतीत कोंबडीच्या पोटातलं आतलं अस्तर वाळवून वापरायचे.

तेव्हापासून घरी पंगतीला चीज आलं की आई पाकीट उलटं करून हिरवा ठिपका बघते. बरोबरच आहे. अस्सल इटालियन पार्मेजान चीज वासराच्या रेनेटचं (पोटातल्या विरजणाचं) असतं, ते शाकाहारी पाहुण्यांच्या ताटात न सांगता घालू नये.

हलकं म्हणाल तर आम्ही चक्का करतो. दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी त्यात लसूण, मीठ, मिरपूड आणि लिंबाची किसलेली साल. चीज-डिपपेक्षा कितीतरी हलकं. पाहुण्यांना वाटतं काहीतरी महागडं आहे.

रानमेवा
आमचं दूध तरी कुठे कोकणातलं. पहाटे घाट उतरून कोल्हापूरच्या पिशव्या येतात. इथली गाय एवढीशी, तिचं दूध वासराला आणि चहाला. आपल्याकडे चीजची परंपरा का नाही याचं उत्तर यातच आहे. एक लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर निघतं साधारण २०० ग्रॅम. कोणाला परवडतंय. नारळ दारात होता म्हणून सगळं नारळाच्या रसात.

रेवदंडा_बंदर
@रानमेवा नारळाच्या रसावरून आठवलं. आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं. त्यांच्यात मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे त्यांच्याकडचा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधातला. आजी जेवायला बोलवायच्या तेव्हा आधी विचारायच्या, "मटण करू की दुधाचं?" दुधाचं म्हणजे घरी फाडलेलं पनीर, मिरी आणि मीठ घालून, गरम तांदळाच्या भाकरीवर. त्यांच्यातले बरेचजण पुढे इस्रायलला गेले. घर अजून आहे, कुलूप आहे. धाग्याशी संबंध थोडाच आहे, पण लिहिलं.

वरचापाट
थोडाच कसा? लिहा अजून.

केळशी_खाडी
निसर्ग वादळ, ३ जून २०२०. लेक लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेली, ऑनलाइन शिकून पिझ्झे करायची म्हणून फ्रीज चीजने भरलेला. वादळात कौलं गेली, माड आडवे, खांब आडवे, लाइट कित्येक आठवडे नाही. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट झालं. दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मोठ्या टोपात मऊ भात टाकला आणि आजूबाजूच्या घरांना हाक मारली. मोझरेला, चेडर, जे होतं ते सगळं भातात. वर कुणीतरी भाजलेला सुका बोंबील आणला. मालवणी काकांची आई तिथे असती तर ओरडली असती, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

माडांचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. नवीन लावलेले आत्ता कुठे डोकं वर काढतायत. असो.

मालवणी_मसालो
@केळशी_खाडी आवस कायएक म्हणाली नसती. ताटात वाढून घेतल्यान असता.

बीपीवाला_काका
माझी बाजू कोण मांडणार? चीजमधलं मीठ बघा जरा. प्रोसेस्डमध्ये तर भरपूर. पंगतीत सून ताट पुढे करते आणि बायको डोळे वटारते.

सांदण
काका, तुमच्यासाठी माझा लाल भोपळ्याचा सॉस. मॅकरोनी-चीज पोरांना हवं असतं, आणि लोणी-मैद्याचा व्हाइट सॉस खाल्ला की मोठ्यांना दुपारभर सुस्ती. मी पाव किलो लाल भोपळा साल काढून वाफवते, मिक्सरमधून काढते, त्यात कपभर दूध आणि चमचाभर तांदळाचं पीठ, मंद गॅसवर हलवत राहायचं. चमच्याच्या पाठीवर थर बसला की गॅस बंद. मग चीज. सगळं मिळून ३०-४० ग्रॅम पुरतं, पण ते जुनं, तिखट चवीचं चेडर हवं. कमी चीजमध्ये चव येते ती अशीच. मीठ वरून अजिबात नाही. मोहरीची पूड चिमूटभर आणि जायफळ. भोपळ्याचा रंगच चीजचा असल्यामुळे पोरांना पत्ता लागत नाही.

जुनं चेडर उकळत्या सॉसमध्ये टाकलं तर तेल सुटतं आणि दाणे पडतात. प्रोसेस्ड चीजमध्ये ते होऊ नये म्हणून वेगळे क्षार घातलेले असतात, ते कसंही वितळतं. त्यामुळे गॅस बंद, मगच चेडर. आणि पनीर कितीही किसा, ते वितळणार नाही. ते भाजा, तळा, पण वितळायची वाट बघू नका.

बीपीवाला_काका
सुनेला पाठवलं. भोपळा म्हटल्यावर माझंच तोंड वाकडं झालंय, पण बघू.

पुणेकर_जावई
सासूबाईंनी एकदा रिसोटो (इटालियन चीज-भात) केला होता, यूट्यूबवर बघून. सासरे पहिला घास घेऊन म्हणाले, "अगं, हा तर गुरगुट्या भात, मेतकूट कुठाय?" आणि खरंच मेतकूट घालून खाल्ला. मी पण. चीजपेक्षा चांगला लागला, पण हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

मिरगुंड
आंबेमोहोर वापरला असेल तर लागणारच चांगला. चिकट भात हवा. उकड्या तांदळाचा करायला जाल तर पेजच होईल.

वसईवाली
उशिरा आले, पोळ्या लाटत होते. आमच्याकडे नाताळात पेरूची वडी होते, लालभडक, तासन्‌तास घाटून. ती खारट चीजच्या कापावर ठेवून खा. पोर्तुगीजांकडे हेच बिहीच्या (क्विन्सच्या) फळाचं करतात. वरचापाट ताईंचं आंबापोळीचं म्हणणं एकदम बरोबर, फक्त पेरू त्याहून वरचढ. वाद घालायला तयार आहे.

वरचापाट
@वसईवाली वडी पाठवा, मग वाद घालू.

सांदण
कुणी फणसाचे तळलेले गरे चीजबरोबर खाल्लेत का? मला फेट्याबरोबर आवडले. फेटा आधी पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, खारटपणा उतरतो. (काका, तुमच्यासाठी.)

हर्णै_धक्का
गरे नुसतेच संपतात हो. चीजपर्यंत पोचतात कुठे.

रानमेवा
विषयांतर. मिरगुंड ताई, तुमचं नाव बघून विचारतो, मिरगुंडं घरी करता का? यंदा आईला होणार नाहीत, गुडघे. दापोलीत विकत कुठे मिळतील?

मिरगुंड
करते ना. पापडखार जास्त पडला की तळल्यावर लाल होतात, तेवढं सांभाळायचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दापोलीत बचतगटाच्या बायका उन्हाळ्यात करतात, पण मे अखेरपर्यंत संपतात, आत्ताच सांगून ठेवा.

पुणेकर_जावई
आणखी विषयांतर. शनिवारी आधी गुहागर, मग देवगड. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालतोय. बर्फाच्या पेटीत चीज आहे, सासूबाईंनी मागवलंय. रांग किती असते?

हर्णै_धक्का
शनिवारी? पहाटेची बोट गाठा. नंतर आलात तर धक्क्यावर उन्हात उभे राहाल आणि पेटीतलं चीज सासूबाईंना वाटीतून द्यावं लागेल.

वसईवाली
वाटीतून दिलंत तर वर साखरांबा घाला, तक्रार येणार नाही.