मदत हवी आहे: लॅपटॉप नवं वायफाय कार्ड घेतच नाहीये

नमस्कार मंडळी, चोपड्याहून लिहितोय. घरी जुना लॅपटॉप आहे, आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर, त्यामुळे विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, मस्त पळतंय. पण आतलं वायफाय कार्ड गेलं. जळगावला गोलाणी मार्केटमधून दुसरं आणलं, स्लॉटमध्ये बरोबर बसलं, स्क्रूसुद्धा लागला, आणि चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 'अनऑथोराइज्ड नेटवर्क कार्ड', काढा म्हणे, पुढे हलतच नाही! कार्ड काढलं की लगेच सुरू.

वाचलं तर कळलं की बायॉसमध्येच (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डवरचा प्रोग्रॅम) कंपनीने ठराविक कार्डांचे आयडी भरून ठेवलेत, यादीबाहेरचं दिसलं की तो लॅपटॉप सुरू होणंच थांबवतो. म्हणजे पैसे आपले, मशीन आपलं, अन् आत काय बसवायचं ते कंपनी ठरवणार? मामा म्हणे, "नवाच लई ले ना भो". कापसाचे पैसे अडकलेत, नवा कुठून घेऊ.

बाहेरून लावायच्या यूएसबी वायफाय डोंगलला बायॉसची ही यादी आडवी येत नाही असं दिसतंय. तर कोणत्या चिपसेटचा (आतल्या मुख्य चिपचा) डोंगल घेऊ, ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे? वेगळा ड्रायव्हर टाकला तर सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) त्यावर डिजिटल सही मागतो, ती भानगड नको. आणि ती यादी काढून बदललेला बायॉस कुणी फ्लॅश केलाय का, म्हणजे जुन्याच्या जागी चढवलाय का? मध्येच लाईट गेली तर बोर्डच जाईल, आणि आमच्याकडच्या लाईटचं तुम्हाला माहितीच आहे.