मदत हवी आहे : बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर पुढचा धोका कोणत्या तपासण्यांवरून कळतो?

बाबांना हार्ट अटॅक आला, एलएडी या हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. आता घरी आहेत, जिना सावकाश चढतात. पण मधुमेह जुना, त्यामुळे आमचा जीव टांगणीला लागलाय.

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ४२ टक्के आलाय आणि हृदयाची पुढची भिंत कमी हलते असा शेरा आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०. एलडीएल ५५ च्या खाली आणायचं म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) डोस वाढवला, ते पटलं. ट्रायग्लिसराइड्स आणि उपाशीपोटीची साखर यांवरून टीवायजी इंडेक्स काढतात. तो जास्त असेल तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही असं धरतात. स्टेंटनंतरच्या त्रासाशी त्याचा संबंध जोडणारे अभ्यासही वाचले. पण एकट्या पेशंटच्या बाबतीत या आकड्यावरून उपचार खरंच बदलतात का?

दुसरं म्हणजे स्ट्रेन इको, हृदयाचा स्नायू किती आकसतो ते मोजणारा. ईएफ घसरायच्या आधीच स्नायूचा अशक्तपणा त्यात दिसतो म्हणे. बाबांचा ईएफ आधीच घसरलाय, मग त्याचा उपयोग किती? की व्रण किती आणि जिवंत स्नायू किती हे दाखवणारा कार्डियाक एमआरआय करावा? क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.६ आहे, म्हणून त्यासाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधाची धास्ती वाटते.

कार्डिओलॉजीतलं कुणी असेल किंवा घरात हे अनुभवलं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू, एवढं सांगा. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. त्या बंद करण्याचे सल्ले कृपया देऊ नका.