‘रेसिंगमध्ये व्हीआर मागणं थांबवा’ म्हणणाऱ्यांसाठी

तिसरा_गिअर

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून गेमच्या आत बसल्यासारखं खेळणं. काल इथे एकाने लिहिलं: “प्रत्येक नव्या रेसिंग गेमच्या घोषणेखाली ‘व्हीआर आहे का?’ विचारणाऱ्यांनी आता गप्प बसावं. दोन टक्के लोकांच्या हौसेपायी स्टुडिओंनी वेळ का जाळायचा? तो एआय (कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्या) आणि पेनल्टीवर खर्च होऊ दे.” खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते आवरेना, म्हणून हा धागा.

दोन टक्क्यांचा आकडा स्टीम या पीसी गेमच्या दुकानाच्या हार्डवेअर सर्व्हेचा. आकड्याबद्दल तक्रार नाही, साधारण तेवढाच असतो. पण त्या सर्व्हेत पत्त्यांचे गेम खेळणाराही मोजला जातो आणि शेती करणाराही. व्हील, लोड सेल पेडल आणि बकेट सीट घेऊन बसलेल्यांपैकी कितीजण हेडसेट लावतात, हे त्यातून कसं कळणार?

दुसरं म्हणजे, व्हीआरला रेसिंगइतका सोयीचा विषय दुसरा नाही. शूटरमध्ये पात्र धावतं आणि आपण खोलीत उभे असतो, सगळी गोची तिथे. इथे गेममधला ड्रायव्हर बसलेला, आपणही बसलेलो. त्याच्या हातात व्हील, आपल्याही. हेअरपिनमध्ये मान वळवून वळणाचा आतला टोकबिंदू, म्हणजे अ‍ॅपेक्स बघता येतो. अमेरिकेतल्या लगुना सेका सर्किटचं कॉर्कस्क्रू हे वळण जवळपास १८ मीटर खाली उतरतं, पण सपाट स्क्रीनवर ते फक्त डावं-उजवं वळण वाटतं. हेडसेटमध्ये माथ्यावर आलात की पुढे रस्ताच नसतो.

आणि ज्यावरून खरा राग आला ते हे. व्हीआर मागाहून चिकटवायचं, ते धड चालत नाही, मग म्हणायचं ‘बघा, कोणी वापरतच नाही’. डर्ट रॅलीला २०१६ मध्ये रिफ्ट हेडसेटचा सपोर्ट मिळाला होता. तरी डर्ट रॅली २.० फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हीआरविना आला आणि लोकांनी मागे लागून लागून तो नंतर मिळवला. ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी नोव्हेंबर २०२३ चा, त्याला व्हीआर एप्रिल २०२४ च्या अखेरीस, तेही बीटा. तोवर अर्धे लोक दुसरीकडे गेलेले. उलट ग्रान टुरिस्मो बघा. जीटी स्पोर्टमध्ये व्हीआर म्हणजे समोर एकच गाडी, नुसता नैवेद्य. तोच स्टुडिओ जीटी७ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या पीएसव्हीआर२ हेडसेटचा मोफत अपडेट देतो आणि स्प्लिट स्क्रीन सोडली तर अख्खी ड्रायव्हिंग व्हीआरमध्ये चालते. मनात आणलं की होतं. म्हणून मागायचं, आणि पहिल्या दिवसापासून मागायचं.

अ‍ॅपेक्स_आजोबा

लेख छान, आवेश त्याहून छान. पण तीन स्क्रीनवाल्यांची बाजू कोणी मांडणार की आम्ही मेलो?

मी हेडसेट वापरला आहे, ऐकीव बोलत नाही. क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये नजरेच्या एका अंशाला साधारण २५ पिक्सेल मिळतात, निरोगी डोळा ६० पर्यंत भेद करू शकतो. म्हणजे कमकुवत नजरेच्या माणसाला चष्मा काढून गाडी चालवायला लावायची आणि वर म्हणायचं, ‘काय इमर्शन आहे!’ लांबचा ब्रेकिंग बोर्ड (वळण किती दूर ते सांगणारी पाटी) मला स्क्रीनवर आधी दिसतो. लॅप टाइम तिथे मिळतो, कॉर्कस्क्रूच्या माथ्यावर गहिवरून नाही.

शिवाय एन्ड्युरन्स रेसमध्ये लांबलचक स्टिंट (न थांबता चालवायची पाळी) तो डबा तोंडाला बांधून करून दाखवा. घाम, गालावर वळ, आणि मधेच कंट्रोलर बॉक्सवरचं, पिटमध्ये वेग आवरणाऱ्या पिट लिमिटरचं बटण चाचपडत शोधायचं.

खडीवाला

आजोबा, बटण हाताला सापडत नाही ही तक्रार लॅप टाइमवर जगणाऱ्याने करू नये. खऱ्या गाडीतही खाली बघून बटण दाबत नाहीत.

रॅलीत बोर्ड वगैरे नसतो. को-ड्रायव्हर क्रेस्ट (चढाचा माथा) म्हणतो आणि त्यापलीकडे रस्ता किती घसरलाय हे डोळ्यांनाच ठरवावं लागतं. दोन डोळ्यांनी दिसलं तर खोली कळते. रिचर्ड बर्न्स रॅली २००४ चा गेम. स्टुडिओ कधीच पांगला, पण हौशी लोकांनी त्याला व्हीआर बसवलं आणि ते कित्येक नव्या गेमांपेक्षा गुळगुळीत पळतं. फुकट काम करणाऱ्यांना जमतं, मग पगारी लोकांना काय धाड भरली?

शून्य_कॅम्बर

पगारी लोकांपैकी एक बोलतोय. गेममध्ये नाही, पण ग्राफिक्स प्रोग्रामिंगमध्येच आहे.

जुना गेम पळतो कारण तो जुना आहे. ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. त्यात दोन डोळ्यांची दोन चित्रं, वर आरशांचं वेगळं रेंडर, वर ग्रिडभर गाड्यांचं फिजिक्स. नाही जमलं तर ४५ फ्रेम काढायच्या आणि मधल्या अंदाजाने भरायच्या. समोर बघताना खपतं. शेजारच्या गाडीकडे मान वळवली की तिच्या कडा दुहेरी दिसतात. ज्या जीटी७ ची आरती चालू आहे तोही ६० काढून १२० दाखवतो.

आता तिसरा_गिअर यांच्या मुद्द्यावर, जो अर्धा बरोबर आहे. अलीकडची बरीच इंजिनं डिफर्ड रेंडरिंगवर (प्रकाशाचा हिशोब मागाहून एकदम करणारी पद्धत) असतात. तिथे कडा गुळगुळीत करायची एमएसएए ही पद्धत फार महाग पडते, म्हणून टीएए ही दुसरी लावतात. टीएए मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करतं, आणि त्या मिसळण्यात लांबचं बारीक तपशील पुसट होतं. मॉनिटरवर कोणाला कळत नाही. हेडसेटमध्ये तेच चित्र डोळ्यासमोर ताणून मोठं केलेलं असतं, मग आजोबांचा बोर्ड धुक्यात जातो. एसीसी (अ‍ॅसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने) अनरिअल ४ इंजिनवर आहे. हेडसेट लावून तो खेळलेल्याला विचारा, शिव्या फुकट ऐकायला मिळतील. तेच ऑटोमोबिलिस्टा २ मॅडनेस इंजिनवर आहे, ज्यावर आधी प्रोजेक्ट कार्स २ व्हीआरसकट आला होता. साध्या मशीनवरही तो सुरळीत चालतो.

तेव्हा ‘मनात आणलं की होतं’ हे चूक. इंजिन निवडतानाच मनात असावं लागतं. डब्ल्यूआरसीवाले लांब स्टेज बनवता याव्यात म्हणून आपलं इंजिन सोडून अनरिअलवर गेले, व्हीआरची किंमत तिथेच ठरली. नंतर कितीही मागे लागा.

तिसरा_गिअर

@शून्य_कॅम्बर, मी ‘पहिल्या दिवसापासून’ म्हटलंय ते कशासाठी मग? तुम्ही माझंच म्हणणं मिलिसेकंदात सांगून मला अर्धे मार्क दिलेत.

पिटलेन_पोलीस

ज्याचं वाक्य वर टांगलंय तो मी. नाव न घेता धागा काढण्याची पद्धत आवडली.

माझ्या त्याच प्रतिसादात पुढे होतं की आयरेसिंग, ऑटोमोबिलिस्टासारख्या सिम्युलेटरनी व्हीआर जरूर ठेवावं, लाखोंनी खपणाऱ्या कन्सोल गेमकडे मागू नये. ते सोयीस्कर गाळलं. एक्सबॉक्सवर व्हीआरच चालत नाही. फोर्झा मोटरस्पोर्ट २०२३ ला आला तेव्हा त्याच्या एआयने पहिल्या वळणावर ढकलाढकली करायची आणि पेनल्टी ज्याला ढकललं त्यालाच. तिथे व्हीआर असतं तर काय, आपल्याला ढकललेलं थ्रीडीत दिसलं असतं?

खडीवाला

तो कन्सोलपुरता नाही, पीसीवरही आलाय तो गेम. पण एआयबद्दल +१. दारू पिऊन चालवल्यासारखा एआय.

क्लचप्लेट

इथे सगळे पिक्सेल मोजतायत. मळमळीबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. मला व्हीआर हवं होतं, मनापासून हवं होतं. हेडसेट घेतला, साधी जीटी कार, ओळखीचं सर्किट. पहिल्या स्पिनला पोटातून जी कळ आली ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. आता तो कपाटात आहे. दोन टक्के का आहेत याचं उत्तर कदाचित अशा कपाटांत सापडेल.

तिसरा_गिअर

सवय होते. सगळ्यांना सुरुवातीला होतं. रोज थोडं थोडं खेळा, मळमळ जाते.

क्लचप्लेट

‘सवय होते’ हे वाक्य एकदा बंदी घालण्याच्या यादीत टाका. सवय ज्याला झाली तोच इथे लिहायला उरतो. ज्याला झाली नाही तो गेला निघून, त्याचा प्रतिसाद तुम्हाला कुठून दिसणार?

आणि माझ्या बाबतीत सवयीचा प्रश्नच नव्हता. माझ्या बाहुल्यांमधलं अंतर, आयपीडी, कमी आहे. त्या हेडसेटची लेन्स ठरावीक खाचांतच सरकायची आणि सगळ्यात आतली खाचही मला बाहेर पडत होती. आयपीडी नीट जुळत नाही तेव्हा बायकांना जास्त त्रास होतो, यावर २०२० मध्ये रीतसर संशोधन प्रसिद्ध झालंय. तोवर आम्ही ‘नाजूक’ होतो. नुसती लेन्स चुकीच्या जागी होती हो!

खडीवाला

हे माहीत नव्हतं. पण आयपीडी जुळूनही रॅलीत उड्या मारताना मला मळमळायचंच. तोंडावर पंखा लावला आणि होरायझन लॉक (गाडी हलली तरी क्षितिज स्थिर ठेवणारी सोय) चालू केलं, तेव्हा बरं वाटलं.

जाडभिंगवाला

होरायझन लॉक बंद ठेवायचं असतं! क्षितिज स्थिर आणि कॉकपिट हलतंय, याने मेंदू उलट गोंधळतो. माझ्या अनुभवात डोकं गाडीला बांधलेलं बरं. आणि चष्मा घालून हेडसेट घालू नका, प्रिस्क्रिप्शन लेन्स बसवा. माझ्या लेन्सवर ओरखडे पडलेत, ते रोज सूर्यास्ताच्या रेसमध्ये दिसतात.

खडीवाला

तुमच्या अनुभवात असेल. तुम्ही डांबरावर चालवता, मी खडीवर. गाडीला डोकं बांधून एकदा फिनलंडच्या उड्या घ्या आणि मग मला क्षितिजाबद्दल शिकवा.

हेलकावा

तुम्ही सगळे मूळ कारण सोडून भांडताय. डोळे सांगतात हललो, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते बसूनच आहोस. यावर मोशन रिग, म्हणजे गाडीबरोबर हलणारी सीट, हा एकच इलाज. रिग घेतल्यापासून मला कधीच त्रास नाही.

शून्य_कॅम्बर

अर्धवट सल्ला. रिग पुढे झुकतं तेव्हा हेडसेटला वाटतं डोकंच पुढे गेलं आणि कॉकपिट डोळ्यांपुढे सरकतं. मोशन कॉम्पेन्सेशन (रिगची हालचाल वजा करणारं सॉफ्टवेअर) वेगळं बसवलं नाही तर मळमळ कमी होण्याऐवजी दुप्पट. हे न सांगता लोकांना रिग घ्यायला लावू नका.

हेलकावा

ते तर कोणीही बसवतंच.

शून्य_कॅम्बर

तुम्ही वर एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

हेलकावा

गृहीत धरलं होतं. इथे जाणकार असतात असा समज होता.

अ‍ॅपेक्स_आजोबा

म्हणजे हिशोब असा: हेडसेट, त्यात चष्म्याच्या लेन्स, तोंडावर पंखा, खाली रिग, रिगचा परिणाम पुसायला आणखी सॉफ्टवेअर, आणि एवढं करून बोर्ड धुक्यात. माझ्याकडे तीन स्क्रीन आहेत. चालू करतो, चालवतो.

तिसरा_गिअर

आजोबा, तीन स्क्रीनची बेझल करेक्शन (मधल्या कडांची भरपाई) आणि एफओव्ही (दिसण्याचा कोन) लावताना तुम्ही इथे केवढा लांब धागा चालवला होता ते लोकांच्या लक्षात आहे बरं.

अ‍ॅपेक्स_आजोबा

तो माहितीपर होता.

क्लचप्लेट

विषयावर येऊ का? माझी मागणी व्हीआर काढा अशी नाही, नीट द्या अशी आहे. स्पिन झाल्यावर गाडी ट्रॅकवर परत ठेवताना कॅमेरा झटकन उडतो, तिथे पडदा काळा करा. रिप्लेचा कॅमेरा हेडसेटमध्ये दाखवू नका, सपाट पडद्यावर दाखवा. धडक बसल्यावरचा कॅमेरा शेक बंद करायचा पर्याय मेनूत पहिल्याच पानावर द्या. यातल्या एकाही गोष्टीला इंजिन बदलावं लागत नाही. मागून जोडलेल्या व्हीआरमध्ये नेमक्या ह्याच सुटतात.

शून्य_कॅम्बर

हे मान्य. यात ११ मिलिसेकंदांचा काही संबंध नाही, फक्त बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी हेडसेट लावून स्वतः स्पिन व्हायला हवं.

पिटलेन_पोलीस

बरं, ताईंच्या यादीला माझा विरोध नाही. पण मग प्रामाणिकपणे सांगा, घोषणेखाली ‘व्हीआर आहे का?’ विचारणाऱ्यांपैकी किती जण असं नेमकं मागतात? ‘है क्या? नाही? मग नाही घेणार’ एवढंच असतं.

आणि घेतलेल्या हेडसेटचं तरी काय ठरलेलंय? विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी ही हेडसेट चालवणारी यंत्रणा मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये मोडीत काढली, विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमधून गायब. त्यावर चालणारा एचपी रिव्हर्ब जी२ सिमवाल्यांचा लाडका होता, चांगले चालणारे हेडसेट एका अपडेटने ठोकळे झाले. स्टुडिओने अशा वाळूवर बांधायचं?

तिसरा_गिअर

त्यासाठी ओपनएक्सआर हे सगळ्या हेडसेटसाठीचं सामाईक मानक आहे. गेम एकदा त्यावर लिहिला की हेडसेट कुठला हे गेमने बघायचं कारण नाही. आणि जी२ साठी २०२५ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने फुकट ड्रायव्हर काढला, एनव्हिडियाच्या कार्डावर चालतो. म्हणजे ठोकळाही पुन्हा उठला.

पिटलेन_पोलीस

पुन्हा हौशी माणूस! तुमचा सगळा व्हीआरचा संसार हौशी माणसांच्या रात्रींवर चाललाय आणि वर स्टुडिओंना दम.

तिसरा_गिअर

स्टुडिओ करत नाहीत म्हणूनच हौशी माणसं करतात, उलटं नाही. एसीसीवाल्या कुनोसने अ‍ॅसेटो कोर्सा एव्होला अनरिअल सोडून स्वतःचं इंजिन बनवलं आणि जानेवारी २०२५ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये व्हीआरसकट आणला. का आणला? वर्षानुवर्षं लोक मागत होते म्हणून.

जाडभिंगवाला

तेव्हा एव्हो माझ्या मशीनवर हेडसेटमध्ये रांगत होता, तेही सांगा.

तिसरा_गिअर

रांगत होता. पण होता.

पिटलेन_पोलीस

ठीक. मागा बाबांनो. ‘आहे का?’ ऐवजी क्लचप्लेट यांची यादी चिकटवत जा, मी स्वतः +१ देईन. मात्र त्याखाली मी एआयचं विचारणार, आणि तेव्हा तुमच्यापैकी एकानेही +१ दिला नाही तर हाच धागा वर काढीन.

हेलकावा

मोशन कॉम्पेन्सेशन नीट बसवण्यावर मी वेगळा धागा काढतोय. शून्य_कॅम्बर यांनी तिथे आधी वाचावं, मग लिहावं.

क्लचप्लेट

त्यात आयपीडीचंही घाला. आणि कोणाकडे लेन्स ५८ मिलिमीटरच्या खाली सरकणारा हेडसेट असेल तर मॉडेल सांगा, ‘सवय होईल’ न म्हणता.