नोटीसबोर्डवरचं उत्तर बदला

देशपांडे काकू (सी-२०१): नोटीसबोर्डवरच्या कोड्याचं उत्तर कोणी लावलं? ८१२८ नंतरची परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती) २०,९६,१२८?? मागच्या वेळी गप्प बसले होते, या वेळी नाही.

सेक्रेटरी: काकू, सूत्रानेच काढलंय. ११ मूळ संख्या, म्हणून २ चा १० वा घात × (२ चा ११ वा घात − १).

देशपांडे काकू: घातांक मूळ असून भागत नाही, कंसातली संख्या मूळ लागते. २०४७ = २३ × ८९. तुमच्या संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक मिळवा, २३,२५,३९२ येतात. सव्वादोन लाखांच्या वर जास्त!

बापट काका: उत्तर ३,३५,५०,३३६. अंकांची बेरीज २८, २८ परिपूर्ण, म्हणून हीसुद्धा. 🙏

रोहन (ए-५०३): काका, १९९९ च्या अंकांची बेरीजही २८ आहे, आणि ती मूळ संख्या आहे. उलट ४९६ परिपूर्ण असून तिच्या अंकांची बेरीज १९.

सेक्रेटरी: मधे एकही नाही? ५, ६, ७ अंकी काहीच नाही?

देशपांडे काकू: नाही. १२ घेतलात तर ४०९५ ला ३ नेच भाग जातो. १३ ला ८१९१ मिळतात, ते मूळ आहेत. ४०९६ × ८१९१ = ३,३५,५०,३३६.

सेक्रेटरी: मूळ कशावरून? उद्या परत मलाच ऐकून घ्यावं लागेल.

रोहन: वर्गमूळ ९१ च्या आत. शिवाय २ चा १३ वा घात − १ चा मूळ विभाजक २६ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे ५३ आणि ७९ तपासायचे. बाकी उरते २९ आणि ५४. झालं.

देशपांडे काकू: आता बेरीज. १ पासून ४०९६ पर्यंतचे २ चे घात मिळून ८१९१. ८१९१ ला १ ते २०४८ पर्यंतच्या २ च्या घातांनी गुणून आलेले मिळून ३,३५,४२,१४५. दोन्ही मिळवा. स्वतःला धरून विभाजक २६.

शिंदे (बी-१०२): २६? गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्याही तेवढ्याच 😄

ए-१०४: नाव घ्यायचं तर सरळ घ्या.

बापट काका: अंकांची बेरीज २८, २८ परिपूर्ण, म्हणून हीसुद्धा. 🙏

रोहन: 🙄 द्विमान पद्धतीत बघा, तेरा १ आणि पुढे बारा ०. ती त्रिकोणीही आहे, १ ते ८१९१ ची बेरीज. शिवाय १ पासून १२७ पर्यंतच्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही तीच.

शिंदे: परिपूर्ण संख्यांच्या शेवटी ओळीने ६, मग ८, मग ६, ८, ६. म्हणजे पुढची ८ वर संपणार!

देशपांडे काकू: पुढची ८,५८,९८,६९,०५६. परत ६ च. असले नियम मनाने लावू नका.

सेक्रेटरी: नवीन कागद लावला. ४०९६ × ८१९२.

देशपांडे काकू: ८१९१!! ८१९२ ने नुसता २ चा २५ वा घात येतो, ३,३५,५४,४३२, आणि त्याच्या विभाजकांची बेरीज १ ने कमी पडते. कागद काढा.