चौकटी आखल्या, पण अंदाज?

अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून दिवस आखला की चालढकल थांबते, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. माझी तर आखण्यातच रविवारची सकाळ जायची. रंगीत पेनं, पट्टी, सगळा थाट. आणि काम केल्याचं समाधान फुकटात! खरी गोची अंदाजाची आहे, त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. १९९४ सालच्या एका कॅनेडियन अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा, लागले ५५. म्हणजे चौकट मोडणारच, आणि ती मोडली की आपलं 'आता सोमवारपासून' सुरू.

गेल्या जुलैत वहीत लिहिलं होतं, 'शनिवार १० ते १२, आयकर रिटर्न भरणे'. बसलो तर पासवर्ड आठवेना, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा ऑफिसचा दाखला) कुठल्याशा जुन्या मेलमध्ये, एफडीच्या व्याजाचा आकडा एआयएसशी, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक नोंदीशी, जुळेना. साडेबाराला वही मिटली. मग दुसऱ्या दिवशी एवढंच लिहिलं: 'सकाळचा चहा झाला की व्याजाचा दाखला डाउनलोड करणे'. सात मिनिटांत झालं. रोज असं एकेक, पाचव्या दिवशी रिटर्न गेलं. आता कुठलाही अंदाज काढला की मी तो सरळ दीडपट करतो. बायकोच्या मते माझ्या बाबतीत दुप्पटच धरावा.