कमी दिसणाऱ्यांसाठी जुना टीव्ही + कॅमेरा जोडून वाचायचं यंत्र, कुणी केलंय का?

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी, बेळगावच्या वडगावातून लिहितोय. आईला दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डिजनरेशन (पडद्याचा मधला भाग झिजणं) आहे, सुका प्रकार, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, डॉक्टर म्हणाले नंबर वाढवून उपयोग नाही. सकाळी तरुण भारत आला की अजून तीच आधी हातात घेते, मथळे कसेबसे लागतात, बाकीचं आम्ही वाचून दाखवतो. पण तिला स्वतः वाचायचंय, आणि भिशीची वही तर दुसऱ्यानं लिहिलेली तिला चालतच नाही. तयार व्हिडिओ मॅग्निफायर (कॅमेऱ्यानं कागद पडद्यावर मोठा दाखवणारं यंत्र) विचारला तर लाखाच्या पुढची भाषा. घरात 32 इंची टीव्ही पडून आहे, मी मशीन शॉपमध्ये आहे त्यामुळे स्टँडची काळजी नाही, कॅमेरा कोणता घ्यायचा हेच कळंना. मोबाईल टीव्हीवर कास्ट करून (वायरशिवाय दाखवून) बघितला, कागद हलवला की चित्र मागाहून हलतं, आईला गरगरतं.

खानापूर_कॅमेरा
कास्ट नको आणि वायफाय कॅमेराही नको, दोन्हीत चित्र उशिरा येतं. साधा वायरचा सीसीटीव्ही कॅमेरा घ्या, जुनाही चालतो. बीएनसीला (कॅमेऱ्याच्या वायरचं गोल टोक) आरसीए पिन (टीव्हीची रंगीत पिन) लावून थेट टीव्हीच्या एव्हीत, म्हणजे चित्र आत घ्यायच्या भोकात, मध्ये कॉम्प्युटर नाही, डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) नाही, उशीर जवळपास शून्य. फोर-इन-वन (चार प्रकारचे सिग्नल देणारा) कॅमेरा असेल तर वायरवरच्या छोट्या बटणानं सीव्हीबीएस मोड, म्हणजे एव्हीला चालणारा साधा सिग्नल, करून घ्या, नाहीतर पडद्यावर चित्रच नीट येणार नाही.
आता खरी गोष्ट लेन्सची. त्यात बहुतेक 3.6 मिमीची असते, ती काढून 12 मिमीची बसवा, मिमी जास्त तितकं चित्र मोठं. कागदापासून 25 सेमीवर ठेवली की साधारण 9-10 सेमी रुंदीची पट्टी पडदाभर येते, 32 इंची टीव्हीवर म्हणजे सुमारे 7 पट. कंपनीतून फोकस लांबचा असतो, जवळचा आणायला लेन्स एक-सव्वा आटा बाहेर फिरवायची, बस्स. आट्यावर गोंदाचा ठिपका असला तर आधी तो सोडवा, जोर लावू नका. 25 सेमी अंतर ठेवलं की खाली हात घालून लिहिताही येतं, भिशीच्या वहीला हे पाहिजेच. ऑटोफोकसवाला काही घेऊ नका, पेन मध्ये आलं की अक्षरं सोडून पेनावर फोकस करतो.

निपाणीची_लेक
दादा, मला स्वतःला लहानपणापासून कमी दिसतं म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूनं सांगते. कॅमेऱ्याइतकंच महत्त्व खालच्या टेबलला आहे. कागद हातानं सरकवला की ओळ तिरकी होते आणि पुढची ओळ शोधण्यातच जीव जातो. ड्रॉवरच्या चॅनेलच्या दोन जोड्या आडव्या-उभ्या लावून वर प्लायचा तुकडा बसवा. आडवं सरकणं अगदी हलकं ठेवा आणि उभं मुद्दाम जड, त्यात फेल्टचा तुकडा दाबून बसवा, मग ओळ सुटत नाही. लाईट कॅमेऱ्याच्या बाजूनं सरळ टाकू नका, दोन्ही बाजूंनी तिरका टाका, नाहीतर गोळ्यांच्या पाकिटावर नुसती चमक दिसते, तारीख वाचताच येत नाही. स्विच एकच, मोठा, हाताला चाचपून लागेल असा. आणि मोठं म्हणजे चांगलं असं समजू नका, जितक्या कमी पटीत आईना वाचता येतंय तितकंच ठेवा, पडद्यावर दोनच अक्षरं मावली की शब्द जुळवेपर्यंत वाक्य विसरतं.
मोबाईलची वाचून दाखवणारी ॲप आहेत, मीही वापरते, पण हाताची वही, गोळ्यांचं पाकीट किंवा कन्नडमधला पाहणीचा (जमिनीचा, आपल्या सातबारासारखा) उतारा तिथं अडकतो. कॅमेऱ्याला भाषेशी देणंघेणं नाही, आणि स्वतः वाचलेलं ते स्वतः वाचलेलंच.

डोळे_तपासनीस
मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारा) आहे. यंत्र जरूर करा, पण आधी लो व्हिजनची (चष्म्यानं न भागणाऱ्या कमी नजरेची) तपासणी करून घ्या, किती पट लागणार ते तिथं मोजून कळतं. बाजारात, प्रवासात टीव्ही नेता येत नाही, तिथं एलईडीचा स्टँड मॅग्निफायर लागेल, 16 डायॉप्टरचा (भिंगाचा नंबर) म्हणजे 4 पट. मधलं दिसत नाही तर नजर थोडी बाजूला धरून वाचायची सवय लावावी लागते, तेही तिथं शिकवतात, थोडे दिवस जातात, आईंना घाई करू नका. तोवर काळ्या कार्डशीटला एका ओळीएवढी आडवी खिडकी कापून पेपरावर ठेवा, डोळा लगेच ओळीवर राहतो. एक मात्र लक्षात ठेवा, दाराची चौकट किंवा सरळ रेषा एकदम वाकडी दिसायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सुक्या प्रकाराचा ओला (डोळ्याच्या पडद्यात गळती होणारा) झालेला असू शकतो, त्याला इंजेक्शन असतं पण उशीर चालत नाही.

उद्यमबागवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काळं कार्ड आजच कापून दिलं, आईला आवडलं. टीव्हीला तीन रंगांच्या पिनाच दिसेनात, बाजूला एकच गोल भोक आहे आणि वर एव्ही लिहिलंय.

खानापूर_कॅमेरा
तेच ते. 3.5 मिमीच्या जॅकमधून तीन पिना बाहेर येणारी वायर मिळते, खडेबाजारात विचारा. पिवळ्या पिनेत कॅमेरा, लाल-पांढरी सोडून द्या. चित्र आलं नाही तर पिवळीच्या जागी लाल किंवा पांढरी लावून बघा, काही वायरींत जोडणी वेगळी असते. कॅमेरा आणि एलईडी पट्टी दोन्ही 12 व्होल्टच्या एकाच ॲडॅप्टरवर चालतील, 2 अँपिअरचा घ्या. रविवारी लेन्स बसवताना अडलं तर इथंच फोटो टाका.